दोरा

पहिल्या दिवशी कुमुद शिरोळेबाईंनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
धनकवडीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
सात जणींना सात हातआरसे दिले
आणि म्हणाल्या, सरळ बघा. हसू नका.
हसलं की डोळ्याचा आकार मोडतो.

मग भुवयांचाच दोरा घेतला,
माझ्या डोळ्यापुढे आडवा धरला,
आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत.
बाहेरचा कोपरा दोऱ्याच्या वर, तर चढता.
खाली, तर उतरता.
बुबुळाखाली पांढरं दिसलं तर गोल,
बुबुळ दोन्ही पापण्यांना टेकलं तर बदामी,
पापणीची घडी कातडीआड गेली तर झाकला.
आणि घारे? आफरीननं विचारलं.
तो रंग झाला, बाई म्हणाल्या.
पुण्यात लोक तो आडनावासारखा सांगतात.
आपण इथे आकार शिकतोय.

थोइबी मणिपूरची. विमाननगरची नोकरी सांभाळून यायची.
तिच्या पापणीला घडीच नाही.
झेरॉक्सच्या वहीत तसल्या चित्राखाली छापलं होतं :
दोष झाकण्यासाठी गडद रंग वापरावा.
तिनं बोट ठेवून हिंदीत विचारलं, यातला दोष कुठला?
खाली गिरणी चालू होती, फरशी थरथरत होती.
बाईंनी पेन उघडलं
आणि सातही वह्यांतून तो शब्द खोडला,
एकेक वही मागून घेऊन.
त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही.

माझे उतरते निघाले.
दोऱ्याखाली गहूभर. डावा थोडा जास्तच.
बेचाळीस वर्षं लोक विचारत आले,
रडलीस का गं? झोप झाली नाही का?
आणि मीही दरवेळी आठवून बघायची,
खरंच रडले होते का.

तेव्हापासून खोडच लागली.
सरावाला पुण्यासारखं गाव नाही.
उन्हाचं गाडीवरच्या बायका अशा बांधून घेतात स्वतःला
की कपाळ नाही, नाक नाही, हनुवटी नाही,
एक फट उरते फक्त.
सिग्नलला थांबलं की मी मनात दोरा ताणते.
बदामी, पुढ्यात पेंगणारं पोर.
खोल, भुवईच्या वळचणीला जाऊन बसलेले.
टपोरे, ज्यांना सगळं जरा जास्तच दिसतं असे.
एक चढता आणि एक सरळ,
आणि त्या बाईला बहुतेक ते माहीतच नाही.

परवा दांडेकर पुलाच्या चौकात
आकडा एकोणसाठवर होता.
शेजारी राखाडी ॲक्टिव्हा, मरून स्कार्फ,
हँडलला अडकवलेली कोथिंबिरीची जुडी.
डोळे उतरते.
गहूभर. डावा थोडा जास्तच.

आईचे होते ते.
तिच्या मागे जे जे राहिलं
त्यातलं एवढंच विनातक्रार दोघींना मिळालं.
बाकीचं शिवाजीनगरला कोर्टात आहे,
आंबेगावच्या तीन गुंठ्यांसकट, नऊ वर्षं.

तिनंही बघितलं.
तिला कुणी दोरा शिकवला नसणार,
तरी ती बघत राहिली,
चाळीस, एकतीस,
माझ्या ठिपक्यांच्या स्कार्फमधल्या फटीत.
मी काच पुसल्यासारखं केलं, आरसा उगाच हलवला.
चौदाला
तिच्या खालच्या पापणीची रेघ वर सरकली,
आकार मोडला.
ऊन असेल.
चार बाकी असतानाच मागच्यानं हॉर्न दिला.
ती सिंहगड रस्त्याला लागली, मी दत्तवाडीकडे वळले,
घरी पोचेपर्यंत दुधाचं काम विसरले होते.

रात्री वही काढली.
निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं : उतरते, एक जोडी.
तारीख घातली.
गाडीचा नंबर लक्षात होता, तोही लिहिला.
बाई विचारतील, हे कशाला.
खोडला नाही.