शेवटचा डबा

चौतीस वर्षं मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसून
मी जग लांब जाताना पाहिलं.
रूळ माझ्या पायाशी सुरू व्हायचे
आणि मागे, पार मागे, एक व्हायचे.
इंजिन कुठवर पोचलं
ते मला चाकांच्या आवाजावरून कळे.

म्हणून भरीत दौडीच्या पोरांनी विचारलं,
"सरोदे काका, सगळ्यांच्या मागे कोण राहील?"
तेव्हा मी हात वर केला.
काम माहितीतलं होतं.

पहाटे साडेपाच. तापीच्या पुलावर धुकं इतकं
की नदीचा नुसता वास.
आठशे माणसं. कुणाच्या डोक्यावर पुठ्ठ्याचं वांगं,
सावद्याच्या चार पोरी केळीच्या पानांचे झगे घालून,
भुसावळचा एक दातांचा डॉक्टर
अख्खा कापसाचं बोंड झालेला.
शिट्टी झाली.
भरलेली गाडी सुटते तसा पुढचा ताण
एकेक कपलिंग ओढत मागे आला.
माझ्यापर्यंत पोचायला पूर्ण दीड मिनिट लागलं.
मग मी निघालो,
पाठीला लाल फडकं पिनेनं टाचून.

पिंप्रूडला ढोल होते म्हणे.
मी पोचलो तेव्हा ढोलवाले दोऱ्या सैल करत होते,
लेझीमची पोरं चहात खारी बुडवत होती,
पाणी वाटणारी बाई उरलेले पेले
एकात एक घालत होती.
पुढच्यांना हे दिसत नाही.

माझ्या पुढे एकच जण उरली:
हुरमत तडवी. शाळेत खिचडी शिजवते.
पायांत मुलाचे बूट, दोन नंबर मोठे,
चवड्यांशी कापूस कोंबलेला.
ती धावत नव्हती, थांबतही नव्हती.
दर खांबाला म्हणायची,
"भाऊ, तुम्ही जा ना पुढी,
माह्यामुळे काहून रखडता?"
मी म्हणालो, बाई, मागचा डबा पुढे गेला
तर त्याला अपघात म्हणतात.
हसली. त्या हसण्यात अर्धा किलोमीटर निघाला.

दोन्ही अंगांना केळी,
निळ्या पिशव्यांत बांधलेले घड.
एका बागेत ठिबकची नळी फुटून
पाण्याची तार उभी राहिलेली.
हुरमतबाई शर्यत रस्त्यावर ठेवून आत गेली,
नळी दुमडली, सुतळीनं बांधली,
ओल्या हातानं तोंड पुसत आली.
मी सवयीनं वहीत लिहिलं:
चार मिनिटं उशीर. कारण, पाणी.

समोर सातपुडा उघडत होता,
आधी माथा, मग खांदे,
पायथा अजून धुक्यातच.
बामणोदजवळ कपाशीच्या काड्यांचा धूर लागला
आणि त्यामागून वांग्याची साल जळाल्याचा वास.
माझी भूक त्याच वेळी हजेरीला आली.

तिथेच ती मैलाच्या दगडावर बसली,
बुटातला खडा काढायला.
माझे पाय चालतच राहिले.
वीसेक पावलं गेल्यावर जाणवलं,
पाठीमागे कुणीतरी आहे.

चौतीस वर्षांत माझ्या मागे कुणी नव्हतं.
पाठ एकदम उघडी पडली,
खांद्यावरून वाकून कुणी माझं पत्र वाचत असावं तशी.
यात काय मजा असेल, कळेना.
बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून
मी कडेला वाकलो
आणि तिची सावली पुढे जाईपर्यंत
सुटलेली नसलेली नाडी बांधत राहिलो.

फैजपूरला कमान अर्धी उतरवली होती.
घड्याळ कुणीतरी खुर्चीवर उलटं ठेवलेलं.
पदकांच्या खोक्यात दोनच पदकं,
त्यातल्या एकाची फीत निसटलेली.
मंडप बांधणारा पोरगा शिडीवरून ओरडला,
"काका, मागं आहे का कोणी?"

मी वळून पाहिलं, रीतीप्रमाणे.
रस्ता. चेपलेले पेले. एक कुत्रं,
पुठ्ठ्याचं पडलेलं वांगं हुंगणारं.
खिशातला हिरवा रुमाल काढून
हात लांब करून दाखवला.
गाडी पूर्ण आली.

हुरमतबाई तोवर भरताच्या पातेल्यात वाकली होती.
तळाचं खरपूस खरवडून
कळण्याच्या भाकरीवर दोन वाटे करत होती,
थोडे कमी-जास्त.