नात्याचा रकाना

रुवीच्या मागच्या गल्लीत, शिंपी आणि
मोबाईल दुरुस्तीच्या मधे, टायपिंगचं दुकान.
दुकान सालेमभाईंचं. खुर्ची माझी, पस्तीस वर्षं.
व्हिसा, ड्रायव्हरची बदली, मेलेल्याचं सामान,
कुठलाही अर्ज घ्या, नात्याचा रकाना असतोच.
मी विचारतो, "कोण लागतो?"
लोक सांगतात. मी ठोकतो.

मुबीन पारकर, राहणार हर्णै,
माझा कोण लागायचा
ते कुणी विचारलं नाही.
हमरियात एका खोलीत आठ जण, दुमजली खाटा,
तो वर, मी खाली.
शुक्रवारी नमाज उरकून सगळ्यांच्या आधी परतायचा,
धावत आल्याचं कळू नये म्हणून
जिन्यात थांबून श्वास घ्यायचा.
मला जिन्यातला तो श्वास ऐकू यायचा.

एक्याण्णवला जहाजावर चढला,
डेन्मार्कात उतरला
आणि परत चढायचं विसरला.
असं त्यानंच लिहिलं. विसरलो.

पत्रं सालेमभाईंच्या पोस्टपेटीत यायची, किल्ली माझ्याकडे.
"इथं दोन बाप्यांची नोंद होते नगरपालिकेत.
लग्न म्हणत नाहीत. नोंद म्हणतात.
तुझ्याच धंद्यातली गोष्ट."
मग आठ वर्षांनी : जोडीदाराचं पोर आता आपलं लावता येतं.
मग अकरा वर्षांनी : परकंही.
मग टोर्बेन. बस चालवतो,
सुकट भाजलं की खिडक्या उघडतो,
"वासानं तो मरतो, थंडीनं मी."
बारा साली एकच ओळ :
"शब्द बदलला रे, बाकी सगळं होतंच."

तिकडं एकेक वीट लागत होती.
इथं माझं दर दोन वर्षांनी रिन्युअल.
मी उत्तरात लिहायचो : अभिनंदन. इकडे ठीक. उकाडा फार.

आपल्याकडचं कलम गेलं त्या सप्टेंबरात
चहाच्या टपरीतला टीव्ही मुका होता.
कोर्टाच्या पायऱ्यांवर पोरं रडत होती, रंगीत कापडं.
मी मलबारी पोऱ्याला म्हटलं, आवाज वाढव.
मग म्हटलं, राहू दे. साखर कमी.

या मार्चात कुरिअर आलं. पाठवणार : टोर्बेन.
मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला,
आणि इथल्या बँकेत नव्वद सालापासून पडून राहिलेले
चौसष्ट रियाल, तीनशे बैसा.
पैसे नकोत, लिहिलं होतं. खातं उघडताना
अर्जावर फोटो लावला असेल, तो मिळेल का?
"मी त्याला तेविसाव्या वर्षी पाहिलेलं नाही."

दाखल्यावर दोघांच्या नावापुढे एकच शब्द.
त्यांच्या भाषेत तो बाई की बाप्या ते सांगत नाही.
आपल्यात आधी तेच ठरवावं लागतं, नवरा की बायको.
जोडीदार म्हणावं तर पत्त्यांतला वाटतो.
काउंटरवर यातलं काहीच चाललं नसतं.
मी अर्ज घेतला. मयताशी नाते :
मित्र.
ठोकला, आणि बघत राहिलो.
टोर्बेनसाठी लिहिलेला शब्द,
माझ्याही मापाचा निघाला.
एकाच रकान्यात दोघं, दाटीवाटीनं,
हमरियातल्या खोलीसारखे.

बँकेतली बाई भली होती. म्हणाली,
इतक्या जुन्या फायली ठेवत नाही हो आम्ही.

माझ्याकडे एक फोटो आहे. मत्रहची कॉर्निश,
मागे धाऊ, वारा, त्याचा शर्ट फुगलेला,
त्याच्या खांद्यावर एक हात. हात माझा.
हाताला लागून मी.
कात्री टेबलावरच असते, पासपोर्ट फोटो कापायला.
उचलली. लोकांचे चेहरे रोज कापतो,
कानापासून अर्धा इंच सोडून, डोळे मिटूनसुद्धा.

पाकीट चिकटवलं. पत्ता मराठी वळणाच्या इंग्रजीत.
शिंप्यानं विचारलं, कुणाला?
मी म्हटलं, आमच्या घरातलंच आहे एक.
कात्री जागेवर ठेवली होती.
तिला कागदाचा कपटाही चिकटलेला नव्हता.