दोन टोकांचं माप

बाबा खडकीच्या कारखान्यात मापं तपासायचे.
तळहाताएवढा पोलादी दांडा, त्याला दोन टोकं:
एक भोकात सहज गेलं पाहिजे,
दुसरं अडलंच पाहिजे.
दोन्ही गेली तर माल बाद.
दोन्ही अडली तरी बाद.
एकतीस वर्षं. एकही तक्रार नाही,
असं निरोपाची शाल घालताना साहेबांनी सांगितलं.

त्यातलाच एक झिजलेला दांडा घरी आला
आणि वहीवर वजन म्हणून बसला.
वही मंडळीची. बाबा पंच होते, नथानिएल रणपिसे,
पुढून दुसरा बाक, डावीकडे.
रकाने त्यांनी स्वतः आखलेले, लाल शाईने:
उशिरा आलेले. दशांश थकलेले.
वरातीत नाचलेले.
आणि शेवटी, अरुंद,
मेजापासून दूर ठेवलेले.
कृपा फुकट असते, म्हणायचे,
पण हिशोब नको का कुणी ठेवायला?

त्या शेवटच्या रकान्यात माझं नाव आहे.
मार्था, ससूनमध्ये नर्स,
सलग सात रविवार ड्यूटी.
मला अ आ इ गिरवून देणारं तेच वळणदार अक्षर.
त्या ईस्टरला भाकरीचं ताट
माझ्या गुडघ्यांवरून पुढे गेलं.
काळोखेबाईंनी ते जरा उंच धरलं,
जणू मला भाजलं असतं.
आई स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

मी वाद घातला नाही.
मीही एक वही सुरू केली, डोक्यात,
एकाच माणसाच्या नावाची.
रकाने मलाही आखता येत होते,
मुलगी कुणाची.

नाताळच्या आदल्या आठवड्यात बाबा न्हाणीघरात पडले.
उजवी बाजू गेली. बोलणं गेलं.
उरले दोन शब्द:
जाऊ दे.
पाणी हवं, जाऊ दे.
चादर ओली झाली, जाऊ दे.
आईला हाक मारायची, (ती जाऊन चार वर्षं झाली)
तरी जाऊ दे.
दांड्याचं जणू एकच टोक शिल्लक.
डॉक्टर म्हणाले, होतं असं,
मेंदूतला एखादाच रस्ता शाबूत राहतो,
मग सगळी वाहतूक त्यावरूनच.
मी मान डोलावली. हे मी शिकलेय.

फेब्रुवारीत पाळकसाहेब आले, खजूर घेऊन.
नव्या पंचांना जुनी वही हवी होती.
"रणपिसेमामा, वही कुठंय?"
जाऊ दे.
"अहो, पण थकबाकी..."
जाऊ दे.
"आणि ते आढावांच्या धाकट्याचं प्रकरण?"
बाबांनी डावा हात हलवला, माशी हाकलावी तसा,
जाऊ दे, जाऊ दे.
पाळकसाहेब आधी हसले,
मग हसायचे थांबले.
खजुराची पिशवी बराच वेळ त्यांच्याच मांडीवर होती.
वही गादीखाली आहे, हे मला ठाऊक होतं.
मी बोलले नाही.

परवा रविवारी नाइट करून आले.
खिडकीतून उपासनेची घंटा ऐकू येत होती.
वारा त्या बाजूचा असला की येते,
नसला की नाही,
आणि तो काही पंचांना विचारून वाहत नाही.
बाबांना चहात भिजवून पाव भरवता भरवता
थकव्यानं, की कशानं,
माझीच वही उघडली.
सगळं वाचून दाखवलं, तारखांसकट.
ताट. काळोखेबाई. आईच्या चपला.
त्यांचा उजवा डोळा गळत होता,
पण तो आता नेहमीच गळतो.

मग डाव्या हाताच्या चिमटीत
त्यांनी बशीतला तुकडा धरला,
निम्मा चहा सतरंजीवर सांडत
माझ्या तोंडाशी आणला.
जाऊ दे, म्हणाले.

हे मेंदूतल्या त्या उरलेल्या रस्त्याचं बोलणं,
की त्याच रस्त्यानं दुसरंच कुणी आलं,
ते तपासायचं माप माझ्याकडे नाही.
मी तोंड उघडलं.

पाव कोमट होता, लिबलिबीत,
आणि भलताच गोड.
साखर मीच घातली होती चहात,
अर्धवट झोपेत,
चमचे न मोजता.