शब्दांच्या जाती

सातपूरला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
रात्री साडेआठला माझा इंग्रजीचा वर्ग भरतो.
खडूची पूड कुठली आणि पिठाची कुठली
ते घरी जाऊन साडी झटकली तरी कळत नाही.

आज फळ्यावर लिहिलं:
पुढील शब्दांच्या जाती ओळखा.
खाली अँग्री, फिअर, लव्ह, सॅडली, लोनली.

छबूताई निरभवणे, सिव्हिलमध्ये आया,
चष्मा पदराला पुसत म्हणाल्या,
'आता ह्यांच्यापण का?'
मागचा बाक हसला. मग हसायचा थांबला.
मी म्हटलं, जात म्हणजे प्रकार हो,
नाम, विशेषण, क्रियापद…
'ठाऊक आहे, बाई. तरी विचारलं.'

लव्हपाशी सगळेच अडले.
मोसीन पिंजारीनं उदाहरण दिलं, आय लव्ह मस्कत.
प्लंबर आहे. मस्कत पाहिलेलं नाही, व्हिसा यायचाय.
परीक्षेचं सेंटर कॅनडा कॉर्नरला आलंय त्याचं,
म्हणतो, निदान कॅनडापर्यंत तरी पोचलो.
मी सांगितलं, तुझं लव्ह क्रियापद,
आणि माय लव्ह म्हटलं, की तेच नाम.
अक्षरं तीच, उच्चार तोच.
इंग्रजीत जागा बदलली की जात बदलते.

'जागा बदलली की?'
हो, छबूताई.
'आम्ही तीन खोल्या बदलल्या, बाई.
पवननगर, अंबड, मग इथं.
तिन्ही मालकांनी आडनाव आधी विचारलं,
भाडं नंतर सांगितलं.'
वहीत मात्र त्यांनी दोन्ही उत्तरं बरोबर लिहिली.

अँग्री विशेषण. आय अ‍ॅम अँग्री.
पुष्कर बारावीला दोनदा बसलेला,
त्याला पटेना. 'म्हणजे अख्खा मीच?'
अख्खा तूच.
आपल्याकडे राग येतो.
तो कर्ता. चपला बाहेर काढायच्या की तसंच आत शिरायचं
ते त्याचं तो बघतो,
आपण नुसते 'मला', चतुर्थीच्या उंबऱ्यावर.
भीती वाटते, लाज वाटते, आठवण येते,
रडू कोसळतं, हसू फुटतं,
आणि माणूस कुठंतरी कडेला, प्रत्यय सावरत.
बावीस वर्षं आय अ‍ॅम शिकवते आहे,
घरी भांडण झालं की अजून म्हणते, राग आला होता.
आला होता म्हणजे गेला, असं आपलं
पाहुण्यासारखं.

मग लोनली.
शेवटी ली दिसला की क्रियाविशेषण, असं मीच शिकवलेलं,
सॅडलीला ते चाललं. लोनली फसवतं,
ते विशेषण आहे, परीक्षेत हमखास विचारतात.
पोरं सगळी फसली.
छबूताईंनी लिहिलं होतं, क्रियापद.

चुकलं, मी म्हटलं. यात क्रिया कुठाय?
'करावं लागतं ना ते, बाई.
ड्युटीवरून यायचं, एकाच माणसाचा भात टाकायचा,
दोन ताटल्या काढल्या जातात, एक परत ठेवायची.
मग बसून ते करायचं.
रोजचं काम आहे.'

खाली गिरणीचा पट्टा फटफटत होता.
कोणीतरी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

रविवारचा पेपर मशीन तपासतं.
मशीनला ताटल्या सांगता येत नाहीत.
मी फुली मारली.
शाई फिकी उमटली म्हणून पेन झटकून
परत मारली.

रात्रपाळीला निघताना त्या दारात थांबल्या.
'क्रियाविशेषण म्हणजे ते काम कसं करतात, ते. ना?'
बरोबर.
'मग हे गुपचूप करतात.'

जिन्यात पीठ सांडलं होतं.
त्यांच्या चपलांचे ठसे खालपर्यंत गेले,
पुढं रस्त्याच्या काळ्या डांबरावर
दोन-तीन पावलं अजून पांढरी.