आवाज आला की बटण दाबा

सातपूरला सव्वीस वर्षं मी दोन बटणं दाबली,
दोन्ही हातांनी, एकाच वेळी,
म्हणजे पंच खाली येताना बोटं बाहेर राहतात.
राहिली. दहाच्या दहा.
कानांसाठी तसलं बटण नव्हतं.
कापूस होता, तोही दिवाळीपर्यंत पुरवायचा.

आता बुधवारी, सिव्हिलमध्ये,
कर्णबधिरांच्या रांगेत
शिपाई नाव पुकारतो.
हो, पुकारतो.
आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघतो
आणि तो कागदाकडे बघून बोलतो.
ओठांवर ब, प आणि म सारखेच दिसतात.
मी मेंगाळांसाठी उठलो, पेंढारींसाठी उठलो,
बेंडकुळे आलं तेव्हा बसून होतो.
यमुनाने कोपर मारलं, तोवर
पुढचा आत गेलेला.

खोली फ्रिजएवढी. भिंतींना गाद्या.
हातात वायरीचं बटण दिलं.
एकच. मला हसू आलं.
काचेपलीकडच्या मुलीने खूण केली,
आवाज आला की दाबा.

शेजारच्या खैरनारांनी आदल्या रात्री पाटीवर लिहून
शिकवलं होतं: दाबूच नका. दगड व्हा.
पण आवाज आला तर?
आणि येतच होता,
बारीक, कुकरच्या शेवटच्या वाफेसारखा,
कधी डाव्या, कधी उजव्या बाजूने.
दाबलं. दाबत राहिलो.
पहिल्या पाळीचा कोटा पुरा करावा तसा.

अडतीस टक्के.
चाळीस लागतात.
त्रिंबक रोडने परत येताना
यमुना बसमध्ये एक शब्द बोलली नाही.
म्हणजे बोललीही असेल,
मी खिडकीबाहेर बघत होतो.

मग फेरतपासणीचा अर्ज.
आधार, रेशनकार्ड, वीजबिल, फोटो आठ,
(कान दिसले पाहिजेत म्हणे. दिसतात, चांगले मोठे आहेत.)
रुबीनाच्या सेतू केंद्रात तीन दुपारी.
सर्व्हर बंद असला की ती स्क्रीन माझ्याकडे वळवते:
गोल गोल फिरणारं चाक.
ते मला लगेच कळतं.
ती माझ्याकडून झेरॉक्सचे पैसे घेते, चहाचे घेत नाही.

दुसऱ्या खेपेला तीच मुलगी.
माझा जुना आलेख तिने बराच वेळ पाहिला
आणि त्याच्याच पाठीवर लिहिलं,
काका, तुम्हाला येणारा आवाज कधी थांबतो का?
म्हटलं, झोपेतही नाही.
तिने खाली लिहिलं,
मग तो आमचा नाही.
आमचा थांबतो.

कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.
मी आत बसलो, अंगठा बटणावर,
आणि थांबणाऱ्या आवाजाची वाट बघू लागलो.
शिट्टी चालूच. तिला म्हटलं, तू चालू दे.
कंपनीला टाळं लागून चार वर्षं झाली,
माझ्या डोक्यातली पाळी अजून सुटलेली नाही,
भोंगाच झाला नाही तर सुटेल कशी?
एक आला. लांबून,
पत्र्यावर खडा पडावा तसा, आणि गेला.
दाबलं.
मग बराच वेळ काही नाही.
मग आणखी एक.
असे मोजून सात.

बावन्न टक्के.
पेढे वाटावेत की नाही, कळेना.
यमुनाने अर्धा पाव आणले
आणि रुबीनाकडे जाऊन मग घरी आली.

कार्ड श्रावणात आलं, पोस्टाने.
फोटो माझा, कान माझे,
नाव मात्र बेडकुळे.
अनुस्वार वाटेत कुठे गळाला कोण जाणे.
बेडकांचं कूळ!
बँकेत नाव जुळणार नाही, पेन्शन अडकणार,
म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा चाक,
पुन्हा एखादा बुधवार.
यमुनाने कार्ड हातात धरून
तोंडाने काहीतरी केलं.
ब होता की म, मला ओळखता येईना,
मग कळलं, ती डराव डराव करतेय.

मी हसलो.
किती मोठ्याने, ते मला माहीत नाही,
खैरनार दार उघडून बाहेर आले.