सेकंड माल

साखर पेठेत इरय्या गड्डम जकार्डची कार्डं पंच करतो.
छिद्र असलं की दोरा वर, नसलं की खाली;
बास, एवढ्यावर मोर उभा राहतो.

एका कार्डात एक छिद्र राहून गेलं.
अकरा चादरी निघेपर्यंत कुणाला कळलंच नाही
मोराला डोळा नाही ते.

मालकानं त्या बाजूला टाकल्या. निम्म्या भावात
मी एक उचलली. कॉलेजात सौंदर्यशास्त्र शिकवते,
म्हटलं, वर्गात विचारीन : दोष, की शैली?

"मॅडम, चांगली घ्या की,"
इरय्या ओशाळून म्हणाला, जणू
तुटक्या बटणाच्या सदऱ्यात मी त्याला गाठलं होतं.
मला हीच आवडली, म्हटलं.

त्यानं चादर उलटी केली.
लालाच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी लाल,
डोळा इकडेही नव्हता.
"तुम्हाला आवडू द्या," म्हणाला,
"मला दिसतंय ना."

वर्गात पोरं म्हणाली, शैली. सगळीच्या सगळी.
मी फळ्यावर लिहिलं, आणि पुसलं.

आता रात्री ती अंगावर असते.
दिवा मालवल्यावर बोट आपसूक मोराच्या डोक्याकडे जातं.
तिथं वीण अगदी सलग आहे.
तरी अडतं.