दुपारच्या आत

जवसाचं फूल पहाटे उघडतं
आणि दुपारच्या आत पाकळ्या गाळून मोकळं होतं.
म्हणून देवतळे बाई पाचलाच वाफ्यात असायच्या,
कानावरून मफलर, गुडघ्याखाली पोतं,
हातात चिमटा, ओठांत दोऱ्याचा तुकडा.

आदल्या संध्याकाळी मिटल्या कळीतले
पाच परागकोष त्या एकेक करून उचलायच्या.
माझी आई कंदील धरायची.
"हे कोनाचं लगन लावता जी तुमी?"
"गावरान पोरीचं. नवरा परदेशी.
दिसतो मरतुकडा, पण तेल लय त्याच्यात."
आई हसली की कंदील हलायचा
आणि बाई रागवायच्या. खरंच रागवायच्या.

हे सन एकसष्टचं. पिंपळखुट्याच्या फार्मवर
पुण्याहून येणारं प्रत्येक पत्र
"श्री. अ. देवतळे" यांना यायचं.
बाईंनी ते कधी दुरुस्त केलं नाही.
तपासणीचे साहेब जीपमधून उतरले,
बाईंनाच म्हणाले, जरा साहेबांना बोलवा.
बाईंनी चहा सांगितला,
आणि नोंदवही उघडून समोर बसल्या.

नऊ वर्षं गेली त्यात.
तीन गादमाशीनं खाल्ली, एक गारपिटीनं,
एक बदलीच्या आदेशानं,
जो त्यांनी नागपूरला दिवसभर बाकावर बसून
रद्द करून आणला.

सहाव्या वर्षी सगळा वाफा कळीतच गेला.
कडेची एक ओळ तेवढी निळी.
आई ओरडली, "बाई, हे काहून नाई मेलं?"
बाई त्या ओळीपाशी उकिडव्या बसल्या.
दहा वाजले, अकरा वाजले.
डबा मुंग्यांनी खाल्ला.

वाण बाहेर आला तेव्हा त्याला नुसता नंबर होता.
बाईंच्या निरोपाच्या सभेत आईला म्हणाले, बोला.
ती माईकपासून हातभर लांब उभी राहिली.
"बाईनं लाखभर फुलं उघडली,
केसात एकबी नाई घातलं."
आणि खाली बसली.

आता मी त्याच फार्मवर
जुन्या वह्या संगणकात भरते.
वही चार, पान एकोणनव्वद, ओळ सतरा.
संकराचा क्रमांक, उंची, बोंडं, तेलाचे टक्के,
आणि शेऱ्यात, शिसपेन्सिलनं, बारीक:
पार्बताची.

शेऱ्याचा रकाना संगणकात नाही.
चष्मा पुसते, परत वाचते.
बाहेर दहा वाजून गेलेत,
वाफ्यात अजून थोडं निळं आहे.